दूतावासाची चतुःसीमा

रिठदच्या जगदेवभाऊंच्या घरातून आजवर एकही कागद हरवलेला नाही! हे मी सांगत नाही, ते स्वतःच सांगतात, आणि दिवसातून दोनदा सांगतात. त्यांच्या खाटेखाली एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात सातबारे, फेरफार, थ्रेशरच्या पावत्या, लग्नातल्या आहेराची यादी, सगळं सुतळीनं बांधून ठेवलेलं. वीस वर्षांपूर्वी मेलेल्या बैलाची खरेदीची पावतीसुद्धा आहे.

"भाऊ, बैल गेला ना आता," कोणी म्हटलं की ते डोळे वटारतात.

"बैल गेला. पावती जिती हाय!"

ही कागदांची खोड त्यांना लागली धुऱ्याच्या मुकदम्यात. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. शेजारच्या उदयसिंगांनी नांगर तीन तास, म्हणजे नांगराच्या तीन ओळी, आत घातला म्हणून भाऊंनी दावा ठोकला आणि दोघं अकरा वर्षं रिसोडच्या कोर्टात भांडले. आता गंमत अशी, की तारखेला जायचे दोघं एकाच मोटरसायकलवर. एसटीचा काय भरवसा? जाताना उदयसिंग चालवायचे, येताना भाऊ. कोर्टात एकमेकांना चोर म्हणायचे आणि बाहेर येऊन एकाच बशीत भजे खायचे. शेवटी निकाल भाऊंच्या बाजूनं लागला तेव्हा दोघांनाही वाईट वाटलं. आता तालुक्याला जायचं तरी कोणत्या निमित्तानं?

तर अशा या कायदेपंडिताची एकुलती एक लेक सायली, लग्न होऊन परदेशी गेलेली. कोणत्या देशात ते विचारू नका. मामला न्यायप्रविष्ट आहे असं भाऊंनी सांगितलंय, म्हणून मी नाव घेत नाही. बर्फ पडतो तिथं, एवढंच सांगतो.

दिवाळीत सायलीचा फोन आला. तिला दिवस गेले होते, फेब्रुवारीत बाळंतपण. आता पहिलं बाळंतपण माहेरीच व्हावं, ही आपल्याकडची रीत. पण डॉक्टरांनी तिला प्रवासाची मनाई केली होती. फोनवर पोरगी रडायलाच लागली.

"रडून काहून राह्यली?" भाऊ गरजले. "तुले माहेरी येता येत नाई तं माहेर तिकडं येते! मी येतो, तुही माय येते. डिंकाचे लाडू येतात. माहेर म्हंजे काय इटा-माती हाय का?"

"बाबा, नक्की येसान ना?"

"मुकदम्यातली एक तारीख चुकवली नाई मी अकरा वर्षांत. तुही चुकवीन?"

झालं! दोन फेब्रुवारीची तिकिटं निघाली. पासपोर्ट दोघांचेही होतेच. ते सायलीच्या लग्नानंतर हौसेनं काढलेले आणि पेटीत सुतळीनं बांधलेले. राहिला व्हिसा. त्यासाठी नागपूरला खिडकीवर कागद द्यायचे, तिथून ते दिल्लीला त्या देशाच्या दूतावासात जायचे.

खिडकीवरच्या बाईंनी सगळे कागद तपासले, पासपोर्ट पान पान उलटून पाहिले, मग दोन लिफाफे पुढं सरकवले. "आपापला पासपोर्ट आत टाका आणि चिकटवून द्या."

भाऊंनी खिशातून पुडी काढली.

आता आपल्याकडं महत्त्वाच्या कामाला निघालेल्या वस्तूला हळद-कुंकू लागतंच. ट्रॅक्टर असो, मिक्सर असो, नाहीतर पोराचं बारावीचं हॉलतिकीट. त्यात ही हळद भाऊंच्या स्वतःच्या वावरातली, घरी उकडलेली, घरी दळलेली! भाऊंच्या बायकोनं, गोजराबाईंनी, आपल्या पासपोर्टाला बोटभर लावली, नमस्कार केला आणि लिफाफा बंद केला. भाऊ हसले.

"सात समुद्रापार जाऊन राह्यला तो, अन् तू बोटभर लावते? देवाले काय वाटन?"

आणि त्यांनी आख्खी पुडी आपल्या पासपोर्टात रिकामी केली. फोटोवर हळद, पानापानांत कुंकू, मधोमध अक्षता आणि घरच्या देवावरची झेंडूची एक पाकळी. लिफाफा चिकटवला. वर एक थाप मारली. थापेसरशी खिडकीवरच्या बाईंना दोन शिंका आल्या.

"शुभ झालं!" भाऊ म्हणाले.

पंधरा दिवसांत गोजराबाईंचा पासपोर्ट व्हिसा लागून घरी हजर! भाऊंचा नाही. आठ दिवस झाले, नाही. पंधरा झाले, नाही. भाऊ रोज दिल्लीला फोन लावायचे. तिकडून एक बाई रोज तेच सांगायची, "सर, आपकी फाइल प्रक्रिया में है।" भाऊ रोज विचारायचे, "कोनच्या टेबलावर हाय ते सांगा ना बाई!" आणि फोन कटायचा. संक्रांत झाली आणि सायलीनं मोबाइलवर एक पत्र पाठवलं. तिच्याकडं दूतावासाचा मेल आला होता. भाऊ आणि उदयसिंग ते घेऊन रिसोडला सपना वकिलांकडं धावले. मोटरसायकल पुन्हा रस्त्याला लागली म्हणून उदयसिंगांच्या चेहऱ्यावर काय ते तेज!

सपना म्हणजे धुऱ्याचा मुकदमा लढवणाऱ्या वकिलांची मुलगी. वडील गेले, खुर्ची आणि जगदेवभाऊ हे दोन्ही तिच्या वाट्याला आले. तिनं पत्र वाचलं.

"काका, ते म्हणतात, तुमचा पासपोर्ट सध्या नेहमीच्या जागी सापडत नाही. शोध चालू आहे. वाट पाहावी."

"हरवला!" भाऊ उभेच राहिले. "माह्या घरातून आजवरी बैलाची पावती हरवली नाई, अन् या लोकाहिनं एवढा मोठा पासपोर्ट हरवला!"

खरं सांगू? रागासोबत त्यांच्या डोळ्यांत थोडा आनंदही होता. दोन वर्षं झाली होती, कोणावर दावा नव्हता.

"केस टाक बेटा! दूतावासावर!"

"टाकता येत नाही काका. परदेशी सरकारवर दिवाणी दावा लावायचा तर आधी आपल्या केंद्र सरकारची परवानगी लागते."

"मंग घे परवानगी."

"तोवर तुमचं नातवंड शाळेत जाईल." सपनानं चष्मा काढला. "नीट ऐका. आधी त्यांच्याकडून लेखी घ्यायचं, की हो, हरवला. सोबत आपल्या परराष्ट्र मंत्रालयाकडं तक्रार. ते लेखी हातात आलं की मग पोलिसांत नोंद, मग तत्काळमधून नवा पासपोर्ट, आणि ते पत्र जोडून पुन्हा व्हिसा. चूक त्यांची म्हटल्यावर ते लवकर देतील. पण लेखी आल्याशिवाय चौकीत जायचं नाही! हरवला म्हणून नोंद केली आणि नवा काढला, की जुना रद्द. मग तो सापडला तरी नुसतं रद्दीचं पुस्तक. आठ दिवस थांबा."

"आठ दिवस?" भाऊ हसले. "बेटा, तुह्याच बापानं शिकवलं मले. जो पहिले चौकीत गेला तो फिर्यादी. मांगून गेला तो आरोपी!"

"काका, हा धुरा नाही!"

पण ऐकतो कोण? दोघं कायदेपंडित खाली उतरले ते थेट चौकीत. हवालदार सेवादास ओळखीचे. अकरा वर्षं त्यांनी दोघांच्याही फिर्यादी लिहिलेल्या.

"आता काय कोरलं यानं?" त्यांनी उदयसिंगांकडं पाहत पेन काढलं.

"यानं नाई. दूतावासानं! पासपोर्ट हरवला माहा."

"कुठी हरवला?"

"दिल्लीत."

"भाऊ, दिल्ली माह्या हद्दीत नाई."

"हरवला दिल्लीत, पन हरवल्याचं समजलं कुठी? रिठदात! रिठद तुमच्याच हद्दीत हाय ना?"

सेवादासांनी घड्याळाकडं पाहिलं. भाऊ उठणार नाहीत हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं, आणि त्यांच्या जेवणाची वेळ झालेली. नोंद झाली!

त्याच दुपारी दोघांनी पिंपळाखाली बसून नोटीसही लिहिली. वकिलाची गरज नव्हती. जुन्या नोटिसांच्या नकला पेटीत होत्याच, नावं तेवढी बदलायची. 'नोटीस देणार जगदेव, वय त्रेसष्ट, धंदा शेती.' मग 'वादातील मालमत्तेचे वर्णन' आलं आणि भाऊ अडले.

"उदयसिंग, चतुःसीमा लागन."

"कायची?"

"दूतावासाची. चतुःसीमेबिगर दावा टिकत नाई. पाय बरं मोबाइलवर."

उदयसिंगांनी नकाशा मोठा केला, डोळे बारीक केले आणि सांगत गेले. भाऊंनी लिहिलं, 'पूर्वेस डांबरी रस्ता, पश्चिमेस दुसऱ्या देशाचा दूतावास, उत्तरेस झाडे, जात दिसत नाही, दक्षिणेस सरकारी भिंत. सदर चतुःसीमेच्या आत आमचा पासपोर्ट गहाळ झाला असून आठ दिवसांत बिनशर्त परत न केल्यास सरकारी मोजणी आणून खुणा गाडण्यात येतील, व होणाऱ्या खर्चास आपण जबाबदार राहाल.'

साक्षीदार म्हणून उदयसिंगांनी सही ठोकली. परदेशी सरकारला मोजणीची धमकी देणारी ही बहुतेक पहिलीच नोटीस असावी. स्पीड पोस्टनं गेली. पोचपावती पेटीत, सुतळीखाली!

भाऊ आता सुसाट सुटले. तत्काळमध्ये अर्ज, तारीख, अंगठे, फोटो. आठवड्याच्या आत नवाकोरा पासपोर्ट हातात. गावात पेढे वाटले. "दूतावास असो का उदयसिंग, कागदात माहा हात कोनी धरत नाई!" उदयसिंगांनीही पेढा घेतला.

आणि दुसऱ्याच दिवशी, म्हणजे एकतीस जानेवारीला, दिल्लीहून जाडजूड पाकीट आलं. परवा विमान.

पाकिटात प्लास्टिकची थैली होती, थैलीत दुसरी थैली, तिच्यात भाऊंचा जुना पासपोर्ट. आणि पासपोर्टात व्हिसा! सोबत इंग्रजी पत्र. पुन्हा मोटरसायकल, पुन्हा रिसोड. या वेळी उदयसिंग, भाऊ आणि मधोमध गोजराबाई.

सपनानं पत्र वाचायला घेतलं. दोन ओळींनंतर तिचा आवाज हलायला लागला.

"'महोदय, आपला लिफाफा उघडताच त्यातून अज्ञात पिवळी भुकटी उडाली. आमच्या कर्मचाऱ्याला शिंका सुरू झाल्या. सुरक्षा नियमांनुसार दोन खोल्या रिकाम्या करण्यात आल्या...'"

"शिंका?" भाऊ म्हणाले.

"'...पासपोर्ट मोहोरबंद पेटीत ठेवून प्रयोगशाळेकडं पाठवण्यात आला. त्याची नोंद वेगळ्या विभागात झाल्यानं तो सापडत नाही असं आपणांस कळवलं गेलं, याबद्दल दिलगीर आहोत. अहवाल सोबत जोडला आहे. पिवळी भुकटी, हळद. लाल भुकटी, कुंकू. तांदूळ, सात दाणे. वाळलेली पाकळी, एक, झेंडू. धोका नाही. आपला व्हिसा मंजूर आहे.'"

मग गोजराबाई बोलल्या. अगदी हळू बोलल्या, म्हणून जास्त लागलं.

"मी बोटभर लावली होती."

"पन भेटला ना!" भाऊंनी पासपोर्ट छातीशी धरला. "भेटला! व्हिसा हाय! परवा जाऊन राह्यलो आपन!"

"नाही जाऊन राह्यले काका," सपना म्हणाली. ती पण रिसोडचीच शेवटी. "हा पासपोर्ट रद्द आहे. तुम्हीच रद्द केला. हरवल्याची नोंद तुमची, नव्याचा अर्ज तुमचा. व्हिसा चिकटलाय मेलेल्या पुस्तकात, आणि जिवंत पुस्तक कोरं आहे. विमानतळावरून परत पाठवतील."

भाऊंनी कधी नव्हे ते हातातला पासपोर्ट टेबलावर उलटा ठेवला. आयुष्यात त्यांनी दोनच मुकदमे जिंकले होते. पहिला उदयसिंगांवर. दुसरा हा, स्वतःवर.

"सायलीले काय सांगू?" ते म्हणाले. "तारीख चुकवत नाई म्हनलो होतो मी."

उदयसिंगांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. गोजराबाई मात्र उठल्या. या बाई आयुष्यात एकट्या वाशिमच्या पुढं गेलेल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला.

"जाईन मी एकली."

"अवं, इमान बदलाव लागते मधात! तुले इंग्रजी येते का?"

"तुमाले येते ना? मंग काय उजेड पडला?"

आणि गेल्या! दोन तारखेला डिंकाच्या लाडवांचे तीन डबे घेऊन गोजराबाई नागपूरहून उडाल्या. मधल्या विमानतळावर एका जळगावच्या कुटुंबाला गाठलं, त्यांनाच लाडू चारले आणि त्यांच्या मागंमागं बरोबर फाटकावर पोचल्या. भाऊ घरी पेटीवर बसून फोनकडं पाहत राहिले.

इकडं सपनानं दूतावासाला पत्र लिहिलं. खरं खरं लिहिलं. आमच्या भागाची रीत, बापाची घाई, लेकीचं बाळंतपण. ती नोटीस मागं घेत असल्याचंही लिहिलं. "मोजणीपन मांगं घेऊ का?" भाऊंनी विचारलं. सपनानं तेही लिहिलं. नवा पासपोर्ट नागपूरला द्यायला ती स्वतः सोबत गेली. खिडकीपाशी तिनं भाऊंचे दोन्ही खिसे उलटे करून घेतले, मगच लिफाफा चिकटवू दिला.

नऊ फेब्रुवारीला, जरा लवकरच, सायलीला मुलगी झाली. भाऊंनी नात पहिल्यांदा मोबाइलवर पाहिली. लाल, सुरकुतलेली, मुठी आवळलेली. भाऊ हसता हसता रडले आणि रडता रडता उदयसिंगांच्या गळ्यात पडले.

"बाबा," सायली म्हणाली, "तुमी आल्याशिवाय मी बारसं करत नाई."

"अवं, बाराव्या दिवशीच करा लागते."

"तारीख वाढवून घेतली मी. तुमचीच पोरगी हाय."

सतरा दिवसांची तारीख पडली. दूतावासानं या वेळी व्हिसा पाचव्या दिवशी दिला. बहुतेक त्यांना हे प्रकरण आपल्या चतुःसीमेबाहेर लवकर घालवायचं असावं. पंचवीस तारखेला भाऊ बर्फात उतरले, कानटोपी, मफलर आणि काखेत पत्र्याची पेटी.

निघायच्या आधी गावात एक छोटी भानगड झालीच. प्रयोगशाळेच्या त्या अहवालात शेवटी एक ओळ होती, 'हळद शुद्ध, भेसळ नाही, रंग नैसर्गिक.' भाऊंनी ती सपनाकडून मराठीत करून घेतली, फ्रेम केली आणि ओट्यावर टांगली. खाली लिहिलं, 'परदेशी दूतावासात तपासून पास.' उदयसिंगांनी ती तीनदा वाचली.

"जगदेव, ही हळद धुऱ्यापासच्या वावरातली ना?"

"हाव."

"त्या तीन तासातली? म्हंजे मुकदम्याच्या आधी माही होती ते? मंग अहवालात माहं नाव कुठी हाय?"

बोलता बोलता दोघांचे आवाज चढले. मार्चमध्ये भाऊ परतले की रिसोडला जायचं ठरलंय. मोटरसायकल उदयसिंगांनी आत्ताच सर्व्हिसिंगला टाकलीय.

पण मुख्य सांगायचं राहिलं. सव्वीस तारखेला बारसं झालं. बाहेर बर्फ, आत पाळणा. मुलीचं नाव ठेवलं केतकी. गोजराबाईंनी हळदीची वाटी पुढं केली आणि दुसऱ्या हातानं भाऊंचं मनगट घट्ट धरलं.

"बोटभर."

"बोटभरच," भाऊ म्हणाले. त्यांनी नातीच्या कपाळाला बोट लावलं. तिनं ते बोट आपल्या मुठीत पकडलं आणि सोडेचना. भाऊ तिथंच पाळण्याजवळ मांडी घालून बसले. दोन विमानं, एक मेलेला पासपोर्ट, एक नोटीस, सगळं फिटलं असं त्यांना वाटलं आणि त्यांनी तसं मोठ्यानं सांगितलंही.

जेवणं झाली. सायली एक फॉर्म घेऊन आली.

"बाबा, इथल्या आपल्या भारताच्या दूतावासात जाऊन केतकीचा पासपोर्ट काढा लागते. तुमाले कागदाची सवय हाय, पायता का जरा?"

भाऊंचे डोळे चमकले! त्यांनी चष्मा चढवला, पेटी उघडली, सुतळी काढली.

"आन इकडं! माह्या हातून कागद हरवत नाई. पन पहिलाच पासपोर्ट हाय पोरीचा. पाठवाच्या आधी त्याले जरासं..."

गोजराबाईंनी शांतपणे हळदीच्या डब्याचं झाकण लावलं, डबा खुर्चीवर ठेवला आणि त्यावर बसल्या.